खडूच्या रेषेची जाडी

माट्साबांना डावे आणि उजवे या दिशा मान्य नव्हत्या. माणूस वळला की त्या बदलतात, आणि जी गोष्ट माणूस वळल्यावर बदलते तिच्या भरवशावर रस्ता सांगणे हा बेजबाबदारपणा आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या घरी चहाला गेलेल्या माणसाला "कप तुमच्या ईशान्येला ठेवलाय, कोपर लागेल" असे ऐकावे लागे. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला सांगत, "वरण पश्चिमेकडून फिरव, तिकडचे केव्हाचे बसलेत." धारच्या बसस्टँडवर एका म्हातारीने मनावर गावाची बस कुठे लागते म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी "नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात" असे उत्तर दिले. ती हात जोडून म्हणाली, "बेटा, मैं तो अनपढ़ हूँ." माट्साबांनी तिला हाताला धरून त्या कोपऱ्यात नेले, बसमध्ये बसवले आणि नैर्ऋत्य म्हणजे काय ते समजावू लागले. समजावून होईपर्यंत बस सुटली होती. ते तिरल्याला उतरून परत आले.

माळव्यात मास्टरसाहेबाचे 'माट्साब' होते. हे माट्साब धारच्या एका शाळेत बत्तीस वर्षे भूगोल शिकवत होते. शाळा हिंदी, घर मराठी, बाजार माळवी. तिन्ही भाषा त्यांच्या एका वाक्यात सुखाने राहत. मूळचे देवासचे, आणि निवृत्तीनंतर पुन्हा देवासलाच राहायला गेले. संस्थानी काळात देवासची दोन राज्ये होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि त्यांची हद्द गावातल्या रस्त्यावरून जायची. माट्साबांचे पूर्वज थोरल्या पातीकडे जमीनमोजणीच्या कामावर होते. काकूंचे माहेर धाकट्या पातीतले.

"परदेश म्हणशील तर मी एकदाच गेलोय," ते सांगत. "लग्नाला. रस्ता ओलांडून."

"तुम्ही जेवून परत आलात," काकू आतून म्हणत. "परदेशात मी राहतेय."

त्यांचा एक प्रश्न प्रसिद्ध होता. वर्गात कुणीही काहीही सांगितले की ते विचारत, "देखा है कि सुना है?" पाहिलेले असेल तर पुढे बोलायचे, ऐकलेले असेल तर खाली बसायचे. स्वतःलाही हा नियम त्यांनी लावला होता. कन्नौदची धान्यमंडी हलवली असे कुणीतरी सांगितले, तर ते रविवारी बसने कन्नौदला जाऊन आले. मंडी जागेवरच होती. सोमवारी त्यांनी वर्गात ते जाहीर केले, जरी वर्गातल्या एकाही मुलाचा त्या मंडीशी संबंध नव्हता. मी त्यांचा विद्यार्थी; पुढे इंदूरच्या एका हिंदी दैनिकात बातम्या तपासण्याच्या कामाला लागलो. बातमीदारांना मी रोज जो प्रश्न विचारतो तो या माणसाचा आहे.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू असे. फळ्यावर ते भारताची आकृती एका दमात, हात न उचलता काढत. मग खडू आडवा धरून डावीकडून उजवीकडे, त्यांच्या भाषेत पश्चिमेकडून पूर्वेकडे, कर्कवृत्ताचा पट्टा ओढत. आडव्या खडूची रेषा चांगली दोन बोटे जाड उमटायची. त्या पांढऱ्या पट्ट्याखाली उज्जैन, इंदूर, देवास, धार सगळे झाकले जाई. त्यावर बोट ठेवून ते म्हणत, "और हम? हम कर्क रेखा पर रहते हैं."

माळव्यात हे सगळेच म्हणतात. अभिमानाने म्हणतात. रेषा उज्जैनजवळून जाते आणि उज्जैन जवळच आहे, तेव्हा आपणही रेषेवरच. माट्साबांनी त्यातून पुढचा नियम काढला होता: जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि तिथूनच परत फिरतो. आपल्या उत्तरेला तो कधीच जात नाही. म्हणून भर दुपारची सावली एक तर उत्तरेला पडेल, नाहीतर पडणार नाही. दक्षिणेला पडण्याचा प्रश्नच नाही. आम्ही ते लिहून घेतले.

आठवीला आम्हाला त्यांनी सुट्टीचा अभ्यास दिला होता. घराजवळची एखादी गोष्ट रोज पाहायची आणि वहीत नोंद करायची. मी चिमण्यांवर लिहिले. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी, एका बैठकीत, एकही चिमणी न पाहता. मला दहापैकी आठ गुण मिळाले.

वर्गात मनावरची एक मुलगी होती. धारला मामाकडे राहून शिकायची. तिचे वडील गवंडी. त्यांचे पूर्वज धारच्या दरबाराच्या बांधकामांसाठी दक्षिणेतून, मराठी मुलखातून, आले आणि इथलेच झाले. तिने मनावरच्या घरी अंगणात फावड्याचा दांडा उभा केला होता आणि पूर्ण सुट्टीभर रोज दुपारी त्याची सावली मोजली होती. तिच्या नोंदीत मेअखेरीनंतर सावली दक्षिणेला गेली होती. बोटभर.

माट्साबांनी वही वर धरली. तो संवाद मला शब्दशः आठवतो.

"ये क्या है?"

"परछाईं, माट्साब."

"दक्षिण में?"

"हाँ, माट्साब. जब जब धूप निकली."

"देखा है कि सुना है?"

"देखा है."

"डंडा टेढ़ा होगा."

"नहीं माट्साब. ओळंबा लगाया था, बाबा का."

ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला गवंडी दोरीला टांगतो ते वजन. हिंदी वाक्यात मधेच आलेल्या त्या अवजारावर वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "कल तगारी भी ले आना." तगारी म्हणजे बांधकामावरचे घमेले. वर्ग आणखी हसला. ते वाक्य माझे होते.

माट्साब हसले नाहीत. पण त्यांनी तिच्या वहीवर लाल शाईने 'मनगढ़ंत' असा शब्द लिहिला, खाली शून्य दिले, आणि वही परत केली. मनगढ़ंत म्हणजे मनाने रचलेले. ज्याच्या लेखी न पाहता बोलणे हाच एक अपराध होता, त्याने दिलेली ही सर्वांत मोठी शिक्षा होती. मुलगी खाली बसली. पुढच्या वर्षी ती धारला आली नाही. का, ते कुणी विचारले नाही.

यानंतर तीसेक वर्षे गेली.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलीने आणि जावयाने माट्साबांना आणि काकूंना सहा दिवसांसाठी मॉरिशसला पाठवले. मे महिना संपत आला होता. तिकडे तो थंडीचा आणि स्वस्ताईचा. परत आल्यावर नातेवाईक आणि शेजारी फोटो पाहायला देवासच्या घरी जमले. मीही गेलो होतो. टीव्हीला फोन जोडला गेला. समुद्र एका फोटोत होता, तोही कोपऱ्यात. बाकी सगळ्या सावल्या होत्या.

बाजारात एक बाई तव्यावर ढोलपुरी भाजते आहे. आपल्या पुरणपोळीसारखी, पण आत गोड नाही, नुसती डाळ. फोटोत ढोलपुरी अर्धी आणि बाईच्या छत्रीची सावली पूर्ण. उसाने भरलेला एक ट्रक. उसाची टोके कापली गेली आहेत, चाकांखालची काळी सावली मात्र नीट मध्यभागी. दोरीवर वाळत घातलेली सहा शर्टांची रांग आणि गवतावर तिची सावली. काकू वाळूत उभ्या आहेत. त्यांचे डोके चौकटीबाहेर गेले आहे आणि सावलीचे डोके आत आहे.

"चाळीस वर्षांचा संसार," काकू म्हणाल्या, "आणि फोटो सावलीचा."

"तुझी सावली दक्षिणेला पडलीय," माट्साब म्हणाले. "अशी पडलेली मी पहिल्यांदा पाहिली. तुला तर मी रोज पाहतो."

एका फोटोपाशी मात्र ते थांबले. बसथांब्याच्या बाकावर टोपी घातलेला एक वृद्ध माणूस. त्या फोटोची गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली, आणि नंतरही मला दोनदा सांगितली. तिन्ही वेळा तपशील तेच होते.

तिसऱ्या दिवशी ते एकटेच बाजारात गेले. बाजार हॉटेलच्या उत्तरेला होता, हे त्यांनी नकाशात पाहून ठेवले होते. परतताना दक्षिणेला चालायचे. दुपार झाली होती, आणि दुपारी सूर्य दक्षिणेला असतो. त्यांनी सूर्य समोर धरला आणि निघाले. फोन हॉटेलवर चार्जिंगला होता; तो फोटो त्यांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत जाऊन काढला. रस्ता विचारण्याचा प्रश्न नव्हता, कारण रस्ता माहीत होता. तासाभराने दुकाने संपली, घरे संपली, आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. समुद्राचा पत्ता नव्हता. ते थांबले. मागे वळून पाहिले, तर स्वतःची सावली रस्त्यावर लांब पडलेली. ती दक्षिणेला पडली होती, आणि त्यांची पाठही त्याच दिशेला होती. विषुववृत्ताच्या खाली दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. हे त्यांनी बत्तीस वर्षे शिकवले होते, पेपरात विचारले होते, चुकणाऱ्यांचे गुण कापले होते. ते तासभर सूर्याकडे, म्हणजे उत्तरेकडे, हॉटेलपासून दूर चालत आले होते.

"डोक्याला ठाऊक होतं रे," ते मला म्हणाले. "पायांना कुणी शिकवलं नव्हतं."

बसथांब्याच्या बाकावर बसून ते स्वतःशीच म्हणाले, "काय मूर्ख माणूस आहे मी."

शेजारचा वृद्ध वळला. "असे म्हणू नये," तो सावकाश म्हणाला. मराठीत.

त्याची मराठी आरतीसारखी होती. प्रत्येक शब्द ठेवून मग पुढचा उचलायचा. त्याच्या पणजोबांना जहाजातून उसाच्या कामाला आणले होते. "घरात देवापुढे मराठी," तो म्हणाला. "बाहेर दुसरी भाषा. नातवंडांना गणपतीपुरती येते."

"आमच्याकडेही तसंच," माट्साब म्हणाले.

"आपण महाराष्ट्रातले?"

"नाही. आम्हीही बाहेरचेच. देवासचे."

दोघे या गोष्टीवर हसले. मग माट्साबांनी आपण कसे चुकलो ते सांगितले. वृद्धाला त्यात नवल वाटले नाही. इकडे सूर्य उत्तरेने जातो, नवीन पाहुणा फसतो, असे तो म्हणाला. आणि मग त्याने विचारले, "तुमच्याकडे कुठून जातो?"

"दक्षिणेनं."

"नेहमी?"

माट्साब "हो" म्हणायला तोंड उघडून थांबले. वृद्धाने तो प्रश्न सहज विचारला होता. त्यांच्या बेटावर वर्षातले काही दिवस, डिसेंबरच्या सुमारास, सूर्य दक्षिणेनेही जातो. म्हणून त्याला वाटले तुमच्याकडेही असे काही उलट होत असेल. बस आली. वृद्धाने चालकाला हॉटेलचे नाव सांगून माट्साबांना चढवले. काकू हॉटेलच्या दारात उभ्या होत्या. त्यांना माट्साबांनी पहिले वाक्य सांगितले ते असे, "आपल्याकडे सूर्य नेहमी दक्षिणेनं जातो, हे मी पाहिलंय की ऐकलंय?"

"जेवण बंद व्हायला दहा मिनिटं आहेत," काकू म्हणाल्या. "हे मी पाहिलंय."

परतीच्या विमानात त्यांनी समोरच्या सीटमागचा जेवणाचा पाट खाली ओढला, खिशातून खडू काढला आणि त्यावर पृथ्वी काढली. पाट लहान होता, म्हणून खडूचे टोक मोडून बारीक रेषा काढावी लागली. विषुववृत्त, त्याखाली मॉरिशस, वर कर्कवृत्त. मग उज्जैन, देवास, धार, मनावर असे ठिपके. रेषा बारीक असल्यामुळे एकही ठिपका झाकला गेला नाही. चारही ठिपके रेषेच्या दक्षिणेला होते. देवास अगदी जवळ, धार थोडे लांब, मनावर आणखी लांब. म्हणजे जूनमध्ये सूर्य रेषेपर्यंत जाताना या गावांवरून पुढे उत्तरेला जाणार, आणि परतताना पुन्हा वरून जाणार. मधल्या दिवसांत भर दुपारची सावली दक्षिणेला पडणार. बोटभर का होईना, पडणारच.

हवाईसुंदरी आली. "सर, व्हॉट इज धिस?"

"करेक्शन," माट्साब म्हणाले.

"आधी पुसा ते," काकू म्हणाल्या.

इतकी वर्षे हे कुणालाच का दिसले नाही, याचा हिशेब त्यांनी विमानातच लावला. जूनमध्ये शाळा बंद असतात. आकाशात ढग असतात. आणि भर दुपारी शहाणी माणसे अंगणात जात नाहीत. दिसण्यासाठी सुट्टीत घरी असलेले, रोज दुपारी उन्हात उभे राहणारे आणि काठी ओळंब्याने सरळ लावणारे माणूस हवे होते. असे एक माणूस त्यांच्या वर्गात होते. त्याच्या वहीवर त्यांनी काय लिहिले, ते त्यांना आठवले.

देवासला आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

"तुम्ही पेपरवाले चूक कशी दुरुस्त करता?"

"भूल-सुधार छापतो. आतल्या पानावर, खाली, बारीक अक्षरांत."

"आणि चूक पहिल्या पानावर असली तर?"

"तरी आतच."

"मग ती दुरुस्ती नाही, लपवालपवी आहे," ते म्हणाले. "मी चूक वर्गासमोर केली. दुरुस्ती वर्गासमोर होईल. तू वर्गात होतास."

मी होतो. मी काय म्हणालो होतो ते त्यांना आठवत होते की नाही, हे मी विचारले नाही.

त्यांच्याकडे मुलीचा पत्ता नव्हता. फक्त मनावर आणि गवंडी एवढेच माहीत होते. लग्न होऊन कुठे गेली असेल, हयात आहे का, काही माहीत नव्हते. मी मनावरच्या आमच्या वार्ताहराला फोन केला. मला बोलणे पूर्णही करावे लागले नाही. "अरे भिया, वो? उनने तो मेरा मकान बनाया है," तो म्हणाला. वडिलांच्या मागे तिने त्यांचे काम उचलले होते. आता मनावरमध्ये घरे बांधण्याचे ठेके घेत होती.

माट्साबांना लगेच जायचे नव्हते. आधी स्वतः पाहायचे, मग जायचे, असे त्यांचे ठरले होते. ते देवासच्या गच्चीवर तीन दिवस दुपारी काठी घेऊन बसले. तिन्ही दिवस ढग. चौथ्या दिवशी ऊन पडले, पण काठीच्या बुडाशी त्यांना ठामपणे काही दिसले नाही. "देवास रेषेच्या फार जवळ आहे," ते म्हणाले. "इथे सावली नखाएवढी पडणार. मनावरला बोटभर पडेल. आणि पाऊस लागला तर हे वर्ष गेलं." त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. पुढचे वर्ष हा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

वर्गाचे म्हणून आम्ही दोघे त्यांच्याबरोबर होतो. मी, आणि धारला मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान चालवणारा आमचा एक वर्गमित्र. गाडी त्याची होती.

"माट्साब," तो वाटेत म्हणाला, "एक परछाईं के लिए दो घंटे?"

"पूर्व की खिड़की बंद कर," माट्साब म्हणाले. "धूप आ रही है."

गावाबाहेर एका घराचे काम चालू होते. ती तिथेच होती. सलवारवर पुरुषी शर्ट, कमरेला मोजपट्टी. तिने माट्साबांना लगेच ओळखले, नमस्कार केला आणि एका कामगाराला हाक मारून मसाल्यात पाणी कमी घालायला सांगितले. मग म्हणाली, "बोला, माट्साब."

"तुझ्या वहीवर मी एक शब्द लिहिला होता."

"हो."

"तो चुकीचा होता. हे मी वर्गासमोर सांगायला आलोय. वर्ग एवढाच मिळाला."

तिने आमच्याकडे पाहिले. माझ्यावर नजर थोडी जास्त थांबली.

"चुकीचा होता ते मला माहीतच आहे, माट्साब," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. भिंतीची उंची सांगावी तसा होता. "मी तर दर साल बघते. लोक म्हणतात उत्तरेच्या भिंतीला ऊन लागतच नाही. जूनमध्ये लागतं, सकाळ-संध्याकाळ. म्हणून मी उत्तरेच्या खिडकीला पण छज्जा काढते. माझी घरं थंड का राहतात, ते लोकांना कळत नाही. तुमच्या हो म्हणण्यावर माझं काही अडलेलं नव्हतं."

"ती वही आहे का? मला तो शब्द खोडायचाय."

"वही त्याच साली चुलीत गेली. आईला काय ठाऊक, आत काय आहे."

दुरुस्ती करायची तर कागदच उरला नव्हता. वर्गमित्राने गाडीची चावी खिशातून काढून पुन्हा आत ठेवली. मला वाटले, आता निघावे लागेल.

"मग मला अजून एक सांगायचंय," माट्साब म्हणाले. "मी ती सावली पाहिलेली नाही. गणितानं काढली. म्हणजे अजून ऐकलेलीच आहे. मला पाहायचीय. दाखवशील?"

तिने मनगटावरचे घड्याळ पाहिले. "सव्वाबारा झालेत. आपल्याकडे सूर्याची दुपार साडेबाराला होते. चला."

हे घर तिचे स्वतःचे होते. समोरच्या ओट्यावर नुकताच सिमेंटचा ओला थर दिला होता. तिने त्याच्या कडेला एक सरळ बल्ली, लाकडी वासा, उभी करवली, तिच्या उंचीहून उंच. मग आतून पितळेचा ओळंबा आणला.

"बाबांचाच?" माट्साबांनी विचारले.

"बाबांचाच. दोरी नवीन."

तिने चारही बाजूंनी ओळंबा लावून पाहिला, दोनदा बल्ली ठोकली, पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे वळली. "तगारी तू म्हणाला होतास ना?"

"हो."

"ती भरलीय बघ, खडीची. उचल आणि बुडाशी बाहेरच्या बाजूने ओत, बल्ली हलायला नको."

मी तगारी उचलली. जड होती. वर्गमित्र हसू लागला, तेव्हा तिने त्यालाही एक दाखवली.

माट्साब ओट्यापाशी उभे होते. चहूकडे नवे बांधकाम, अर्धवट भिंती, ओळखीची एकही खूण नाही, आणि सूर्य नेमका डोक्यावर. त्यांनी मॉरिशसपासून बहुधा स्वतःवर विसंबणे सोडले होते. मी त्यांच्या तोंडून तो प्रश्न पहिल्यांदा ऐकला.

"उत्तर कुठली गं?"

तिने हाताने दाखवली.

बारा पंचवीसला ढग आला. मोठा होता आणि रेंगाळत होता. साडेबारा झाले. बल्लीला सावलीच नव्हती, ना उत्तरेला ना दक्षिणेला. माट्साब वर पाहत नव्हते. नजर ओट्यावर होती.

"माट्साब," वर्गमित्र म्हणाला, "सूरज को भी कभी फेल किया था क्या?"

घड्याळात बारा तेहतीस झाले होते तेव्हा ढगाची कड सरकली. आधी समोरची भिंत उजळली, मग ओटा. बल्लीच्या बुडाशी एक काळा तुकडा उमटला. दोन बोटे लांब, जरा अस्पष्ट, पण शंका राहू नये इतका. तो दक्षिणेला होता.

माट्साब गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. त्यांनी तो तुकडा एका बाजूने पाहिला, मग दुसऱ्या. ती त्यांच्या मागे उभी होती.

"देखा कि सुना, माट्साब?"

"देखा," ते म्हणाले.

त्यांनी सवयीने खिशातून खडू काढला आणि सावलीच्या टोकाशी टेकवला. ओल्या सिमेंटवर खडू उमटेना. तिने एक मोठा खिळा त्यांच्या हातात दिला. "यानं लिहा. अर्ध्या तासात घट्ट होईल, मग पुसलं जाणार नाही."

बत्तीस वर्षांत त्यांनी जे लिहिले ते खडूने लिहिले आणि तास संपल्यावर पुसले गेले. लाल शाईचा तो शब्द कागदासकट जळाला होता. त्यांनी खिळा हातात धरून थोडा वेळ घेतला. मग सावलीची रेघ ओढली, तिच्याशी उत्तर-दक्षिणेचा बाण काढला आणि खाली हिंदीत लिहिले, कारण चूक हिंदीत होती: "परछाईं दक्षिण में. पहले इसने देखी, फिर मैंने." त्याखाली तारीख आणि 'माट्साब'. ते उठले, खिळा तिला परत दिला आणि वही तपासायला दिलेला विद्यार्थी उभा राहतो तसे बाजूला उभे राहिले.

तिने ते दोनदा वाचले. ऊन तोवर पुन्हा गेले होते. मग ती खाली वाकली आणि शेवटच्या ओळीपुढे खिळ्याने बरोबरची खूण केली.

चहा आला. माट्साब विटांच्या थप्पीवर बसले होते, तोंड ओट्याकडे, नजर त्या ओळींवर. तिने त्यांचा कप त्यांच्या मागे ठेवला.

"कप तुमच्या नैर्ऋत्येला आहे, माट्साब," ती म्हणाली. "कोपर लागेल."

एरवी त्यांनी वळून खात्री करून घेतली असती. या वेळी त्यांनी मान वळवली नाही. हात मागे नेला. कप तिथे होता.